नेमका कोणता चाफा? रोप ओळखण्यापासून पहिल्या फुलापर्यंत

अंगणात चाफा लावायचा म्हणून नर्सरीतून रोप आणले जाते, कुणाच्या तरी सांगण्याप्रमाणे त्याला पाणी-खत घातले जाते आणि तीन-चार वर्षांनी लक्षात येते की हवा होता तो चाफा हा नव्हेच, किंवा रोप पहिल्याच पावसाळ्यात कुजून गेलेले असते. या दोन्ही फसगतींचे मूळ एकच आहे. मराठीत ज्यांना चाफा म्हणतात त्या झाडा-झुडपांची कुळे वेगवेगळी आहेत, आणि एकाला मानवणारी पद्धत दुसऱ्याला मारून टाकते. सोनचाफ्याची फांदी जमिनीत खोचली तर ती बहुधा वाळून जाते, आणि देवचाफ्याची फांदी तोडल्या तोडल्या ओल्या मातीत लावून रोज पाणी घातले तर ती सडते. म्हणून आधी ओळख, मग जागा, त्यानंतर रोपाची निवड आणि शेवटी लागवड हा क्रम पाळणे आवश्यक आहे. बहुतेक लोक थेट शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करतात.

टप्पा १ : हवा असलेला चाफा नावानिशी ठरवा

नर्सरीत नुसते ‘चाफा’ म्हणून मागू नये. घरच्या बागेसाठी प्रामुख्याने पुढील झाडे या नावाने मिळतात.

सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका. जुन्या पुस्तकांत तो मायकेलिया चंपाका या नावाने सापडतो. गजऱ्यात आणि फुलवाल्याकडच्या पुडीत असतो तो हाच. देवचाफा, खुरचाफा किंवा नुसता पांढरा चाफा म्हणजे प्लुमेरिया या वंशातील झाडे, जी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून आपल्याकडे देवळांच्या आवारात पूर्ण रुळली आहेत. हिरवा चाफा म्हणजे आर्टाबोट्रिस हेक्झापेटालस, सीताफळाच्या कुळातले आधाराने चढणारे झुडूप. कवठी चाफा हे मॅग्नोलिया वंशातीलच, अंड्याच्या आकाराच्या पांढऱ्या कळ्या येणारे ठेंगणे झुडूप आहे. नागचाफा म्हणजे नागकेशर, मेसुआ फेरिया. कनकचंपा म्हणजे मुचकुंद, टेरोस्पर्मम ॲसेरिफोलियम. किनारपट्टीवरच्या उंडीला, म्हणजे कॅलोफायलम इनोफायलमला, काही ठिकाणी सुलतान चंपा म्हणतात. भुईचाफा हा तर झाड किंवा झुडूपही नाही. तो हळदीच्या कुळातला कंद आहे आणि त्याचे फूल उन्हाळ्यात पानांच्या आधी थेट जमिनीतून वर येते.

यांतील तीन नावे सर्वांत जास्त घोटाळा करतात.

‘पांढरा चाफा’ मागितल्यावर प्लुमेरिया मिळेल किंवा सोनचाफ्याचा पांढऱ्या फुलांचा भाऊबंद, मॅग्नोलिया आल्बा, मिळेल. पहिल्याच्या फुलाला पाच रुंद पाकळ्या असतात, तर दुसऱ्याला अरुंद, लांबट पाकळ्यांचा झुबका असतो.

‘पिवळा चाफा’ म्हटले की कुणी सोनचाफा देतो, कुणी पिवळ्या फुलांचा प्लुमेरिया.

‘नागचाफा’ या नावाखाली हल्ली बहुतेक नर्सऱ्यांत प्लुमेरिया प्युडिका विकला जातो, कारण त्याचे पान नागाच्या फडीसारखे टोकाकडे रुंद होत जाते. तो शोभेला उत्तम आहे आणि भरपूर फुलतो, पण त्याच्या फुलांना वास जवळपास नसतो. नागकेशराच्या अपेक्षेने तो घेणाऱ्याच्या हाती सर्वस्वी वेगळे झाड येते.

*तपासणी :* नर्सरीत जाण्यापूर्वी शास्त्रीय नाव रोमन लिपीत चिठ्ठीवर लिहून न्यावे आणि मोबाइलमध्ये फुलाचा, पानाचा व डहाळीचा असे तीन फोटो ठेवावेत. नुसत्या फुलाचा फोटो उपयोगाचा नाही, कारण विकत घेताना रोपावर फूल बहुधा नसते.

टप्पा २ : फूल नसताना रोप ओळखा

हा टप्पा घाईने उरकू नये. पुढील चाचण्या याच क्रमाने केल्या तर बहुतेक रोपांचा निकाल पाच मिनिटांत लागतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिली चाचणी सर्वांत मोठा गट बाजूला काढते.

पहिली चाचणी चिकाची आहे. एक जून पान देठापासून तोडून त्या जागेकडे पाहावे. भरपूर, दाट, पांढरा चीक लगेच ओघळला आणि डहाळी बोटाएवढी किंवा त्याहून जाड व गरदार असली तर ते रोप प्लुमेरियाचे आहे. मग पानाचे टोक पाहावे. टोक गोलसर असेल तर प्लुमेरिया ऑब्ट्यूसा, निमुळते असेल तर प्लुमेरिया रुब्रा आणि पान फडीच्या आकाराचे असेल तर प्लुमेरिया प्युडिका. पानाच्या टोकावरून फुलाचा रंग मात्र कळत नाही. रुब्राची फुले लाल, गुलाबी, पिवळी आणि पिवळ्या पोटाची पांढरी अशा अनेक रंगांत येतात; तेव्हा नेमका रंग हवा असेल तर फुललेल्या झाडाचीच फांदी घ्यावी.

*इशारा :* प्लुमेरियाचा चीक त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक असतो. चाचणीनंतर हात साबणाने धुवावेत, तोवर डोळ्यांना हात लावू नये आणि लहान मुलांना हे काम देऊ नये.

चीक नसेल तर दुसरी चाचणी डहाळीवरील वणाची. शेंड्याखालची हिरवी डहाळी बोटांत धरून फिरवून पाहावी. प्रत्येक पानाच्या जोडापाशी डहाळीला पूर्ण वेढा घालणारी बारीक कड्यासारखी रेष दिसली तर रोप मॅग्नोलियाचे, म्हणजे सोनचाफ्याच्या गटातले आहे. शेंड्यावरचे कोवळे पान ज्या टोपणात गुंडाळलेले असते ते उपपर्ण गळून पडते आणि त्याची ही खूण मागे राहते. सोनचाफ्याच्या शेंड्यावर हे टोपण लवदार आणि टोकदार असते. एकदा नीट पाहिले की पुन्हा चूक होत नाही. अशी कडी वड, रबर आणि फणस यांच्या डहाळ्यांवरही असतात, पण त्यांना चीक असतो. म्हणूनच चिकाची चाचणी आधी करायची.

कडे दिसले, तरी पिवळा सोनचाफा आणि पांढरा आल्बा यांतला फरक पानावरून सर्वसामान्य माणसाला करता येत नाही. तेथे फूल किंवा निदान फुटू लागलेली कळी पाहूनच रोप घ्यावे.

कडेही नसेल तर तिसरी चाचणी पानांच्या मांडणीची. पाने समोरासमोर जोडीने असतील तर नागकेशर किंवा उंडी. नागकेशराचे पान अरुंद व टोकदार असते, मागची बाजू पांढुरकी दिसते आणि नवी पालवी तांबूस असून खाली लोंबते. उंडीचे पान रुंद, चकचकीत आणि जाड असते. उजेडासमोर धरले की मधल्या शिरेपासून कडेपर्यंत अत्यंत जवळजवळ गेलेल्या समांतर शिरा स्पष्ट दिसतात. या दोघांनाही थोडा स्राव येऊ शकतो, परंतु प्लुमेरियासारखा ओघळणारा दुधाळ चीक येत नाही.

पाने एकाआड एक असतील तर दोन शक्यता उरतात. पान ताटाएवढे मोठे, मागून पांढरट लवदार आणि कळी लांब बोटासारखी तपकिरी असेल तर मुचकुंद. पान मध्यम, लांबट, गुळगुळीत व तकतकीत असून फांद्या लांब सुटून आधार शोधत असतील तर हिरवा चाफा. हिरव्या चाफ्याच्या वाढलेल्या झुडपावर फुलांचे देठ आकड्यासारखे वळलेले असतात आणि त्या आकड्यांनीच तो वर चढतो. हा आकडा दिसला की शंका उरत नाही. लहान रोपावर तो नसतो, म्हणून शक्य असल्यास नर्सरीतील मातृवृक्ष पाहून घ्यावा.

*नेहमीची चूक :* पान चुरगाळून वास घेणे आणि त्यावरून चाफा ठरवणे. यांतल्या बहुतेक झाडांचा सुगंध फुलात असतो, पानात नाही.

टप्पा ३ : जागा पाहा, आणि गरज पडल्यास निवड बदला

नागकेशर, मुचकुंद आणि उंडी हे वृक्ष आहेत. नागकेशर फार सावकाश वाढतो म्हणून तो लहान जागेत खपेल असे वाटते. पण तो पुढच्या पिढ्यांसाठी लावायचा वृक्ष आहे, हे समजूनच लावावा. भिंतीपासून पाच-सहा फुटांवर यांपैकी काहीही लावू नये. समुद्रालगतच्या खाऱ्या वाऱ्यात मात्र उंडीइतके खात्रीचे दुसरे झाड या यादीत नाही.

सोनचाफ्याला दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. कोकणातल्या जांभ्याच्या, किंचित आम्ल मातीत तो सुखाने वाढतो. देशावर आणि मराठवाड्यात चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याची नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. जमिनीत लोह असले तरी चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. अशा ठिकाणी जमिनीवर अडून न बसता मोठ्या पिंपात तांबडी माती भरून कलम लावणे अधिक शहाणपणाचे ठरते. बोअरचे पाणी जड असेल तर तोच त्रास पिंपातही होऊ शकतो, म्हणून शक्य तेथे पावसाचे साठवलेले पाणी द्यावे.

देवचाफ्याला कडक ऊन हवे आणि पाणी साचता कामा नये. मातीबद्दल त्याचा विशेष आग्रह नाही. हिरवा चाफा व कवठी चाफा अर्धसावलीत चालतात. हिरव्या चाफ्यासाठी कुंपण किंवा भक्कम मांडव आधीच उभा करावा, कारण फांद्या गुंतल्यावर आधार देणे अवघड जाते.

टप्पा ४ : रोप निवडताना

सोनचाफ्याच्या बाबतीत कलम की बियांचे रोप हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. बियांपासूनच्या झाडाला फुले येण्यास साधारण सात-आठ वर्षे किंवा अधिक काळ लागतो आणि झाड उंच जाते, त्यामुळे फुले काढणे दुरापास्त होते. कलमाला बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळ्या येतात आणि ते छाटून आटोक्यात ठेवता येते. कोकणात वेलणकर या नावाने ओळखली जाणारी कलमे याच कारणासाठी लोकप्रिय आहेत.

कलम घेताना जोड स्वतः पाहावा. जमिनीपासून वितभर उंचीच्या आत खोडावर तिरकी किंवा पाचरीसारखी खूण असते आणि तेथे खोडाची जाडी किंवा सालीचा पोत किंचित बदललेला असतो. जोडावर पट्टी गुंडाळलेली असेल तर ती सोडून दाखवायला सांगावी. जोड पूर्ण भरलेला असावा, त्यात भेग किंवा काळपट ओल नसावी आणि जोडाच्या वर निदान दोन वेळा नवी पालवी येऊन गेलेली असावी.

*इशारा :* रोपावर फूल आहे एवढ्यावरून ते कलम सुदृढ आहे असे धरू नये. लहानशा पिशवीत, मुळे गुंडाळी होऊन बसलेल्या कलमालाही फुले येतात. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आलेली असतील तर ते रोप घेऊ नये. सोनचाफ्याची मुळे गरदार असतात आणि ती तुटणे त्याला सोसत नाही.

देवचाफ्याचे रोप विकत घेण्याची गरजच नाही; शेजारच्या झाडाची फांदी पुरते. नागकेशराचे रोप बियांचे असते आणि ते लहान असतानाच घ्यावे. हिरव्या चाफ्याचे गुटी कलम, म्हणजे झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले रोप, मिळाल्यास बियांच्या रोपापेक्षा लवकर फुलते.

टप्पा ५ : सोनचाफ्याचे कलम लावणे

१. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू द्यावा.

२. जमीन पाणी धरून ठेवणारी आहे का, याची परीक्षा याच वेळी करावी. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसले तर तेथे सोनचाफा जगणार नाही. जागा बदलावी किंवा फूटभर उंच वरंब्यावर लावावे.

३. खड्डा भरताना वरची माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत दोनास एक या प्रमाणात मिसळावे. अर्धवट कुजलेले शेण घालू नये. त्यातून हुमणी येते आणि मुळे कुरतडली जातात.

४. जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर लागवड करावी. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये. पिशवीतील मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एकच ठेवावी.

५. कलमाचा जोड जमिनीच्या वरच राहिला पाहिजे. जोड मातीखाली गेला तर तो कुजण्याची भीती असते.

६. काठीचा आधार द्यावा आणि दोरी सैल बांधावी. दोन कलमांत निदान दहा फूट अंतर ठेवावे.

*तपासणी :* लागवडीनंतर दर पंधरा दिवसांनी जोडाखाली नवा फुटवा आला आहे का, हे पाहावे. सोनचाफ्याचे कलम सोनचाफ्याच्याच रोपावर बांधलेले असते, त्यामुळे खुंटाच्या, म्हणजे जोडाखालच्या मूळ रोपाच्या, फुटव्याची पाने वरच्या पानांसारखीच दिसतात आणि जोमदार वाढ पाहून लोक तो आनंदाने वाढवतात. हा फुटवा वरच्या कलमाची उपासमार करतो. त्याची ओळख पानावरून करू नये. तो जोडाच्या वर आहे की खाली, एवढेच पाहावे आणि खाली असेल तर हाताने मुळापासून मोडून काढावा.

टप्पा ६ : देवचाफ्याची फांदी लावणे

येथे जवळजवळ प्रत्येक गोष्ट वरच्या उलट आहे.

१. फेब्रुवारी ते मे या काळात, शक्यतो झाड निष्पर्ण असताना किंवा नवी पालवी फुटू लागताना, राखाडी साल धरलेली फूट-दीड फूट लांबीची फांदी धारदार कोयत्याने किंवा कात्रीने तोडावी. हिरवी कोवळी फांदी घेऊ नये. ती बहुधा सडते.

२. पाने असतील तर ती काढून टाकावीत आणि फांदी सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस तशीच ठेवावी. कापाच्या जागेचा चीक पूर्ण सुकून तेथे कोरडी खपली धरली पाहिजे. ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते आणि फांद्या कुजण्याचे मुख्य कारण तेच असते.

३. कुंडीत निम्मी वाळू व निम्मी माती घेऊन फांदी तीन-चार इंच खोल लावावी आणि हलू नये म्हणून काठीला बांधावी.

४. लावतेवेळी एकदा पाणी द्यावे. त्यानंतर वरची माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी देऊ नये.

*तपासणी :* शेंड्याला पालवी फुटली म्हणजे मुळे धरली असे समजू नये. फांदी स्वतःतल्या साठ्यावरही पाने काढते. पाने पूर्ण आकाराची होऊन टिकली, की मगच ती कुंडीतून जमिनीत हलवावी. फांदी हाताला मऊ लागली किंवा साल सुरकुतून काळी पडली तर खालचा सडलेला भाग पांढरे स्वच्छ लाकूड दिसेपर्यंत कापून पुन्हा पहिल्यापासून वाळवावी.

टप्पा ७ : उरलेले चाफे

भुईचाफ्याचे कंद मे-जूनमध्ये उथळ लावावेत. हिवाळ्यात पाने वाळून जातात. तेव्हा पाणी बंद करावे आणि कंद मेला असे समजून उकरून टाकू नये. नागकेशराच्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षे दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा. मुचकुंद व उंडी पावसाळ्याच्या तोंडावर लावल्यास फार देखभाल मागत नाहीत.

टप्पा ८ : पहिल्या वर्षाची देखभाल

सोनचाफ्याला ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी द्यावे. आळे खोडापासून वितभर दूर करावे आणि त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. पहिल्या वर्षी येणाऱ्या कळ्या खुडून टाकाव्यात. हे जिवावर येते याची कल्पना आहे, पण त्यामुळे खोड जाड होते. झाड तीन फुटांचे झाल्यावर शेंडा मोडावा म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुले हाताशी येतात.

देवचाफ्याची पाने हिवाळ्यात गळतात, विशेषतः रुब्राची. झाड आजारी आहे असे समजून त्या काळात पाणी आणि खत वाढवणे हा या झाडावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे. निष्पर्ण झाडाला पाणी जवळपास बंदच ठेवावे. पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा असतो. ती पाने गोळा करून बागेबाहेर टाकावीत, खतात मिसळू नयेत. छाटणी कमीत कमी करावी, कारण फुले फांद्यांच्या टोकांना येतात.

हिरव्या चाफ्याची फुले आधी पानांच्याच रंगाची असतात आणि पिकत आल्यावर पिवळसर होऊन वास सोडतात. फुलतच नाही म्हणून अनेक जण बहरातच छाटणी करतात. त्याआधी आकडेदार देठ शोधून पाहावेत.

टप्पा ९ : पहिल्या फुलानंतर पडताळणी

पहिले फूल आल्यावर ते चिठ्ठीवरच्या नावाशी ताडून पाहावे. नागकेशर आणि उंडी या दोघांनाही पांढऱ्या पाकळ्या व मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा गुच्छ असतो, तेव्हा तेथे पुन्हा पानाच्या शिरा पाहाव्यात. औषधी उपयोगासाठी कोणत्याही चाफ्याचे फूल किंवा साल केवळ नावाच्या साधर्म्यावरून वापरू नये. ग्रंथांतला चंपक हा सोनचाफा आहे आणि चिकाळ प्लुमेरिया त्याच्या जागी चालत नाही. बाजारात सुट्या मिळणाऱ्या नागकेशरातही दुसऱ्या झाडांच्या कळ्या त्याच नावाने विकल्या जातात.

झाड चुकीचे निघाले आणि ते अजून लहान असेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला मातीच्या मोठ्या गोळ्यासह हलवता येते. देवचाफा यात सर्वांत सोशिक आहे आणि मोठा झाल्यावरही हलतो, तर सोनचाफा जमिनीत एक-दोन वर्षे झाल्यावर हलवल्यास बहुधा दगावतो. झाड मोठे झाले असेल आणि ते शहराच्या हद्दीत असेल, तर महाराष्ट्रात १९७५च्या नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार ते स्वतःच्या अंगणातले असले तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते.